कोंडवाड्यातला भूकंप

माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलं, हे मी अलंकारिक अर्थानं लिहीत नाही. धुळ्यात आमच्या दोन खोल्यांत पलंग एकच होता. तो आजारी माणसासाठी राखीव असायचा आणि बाकीचे आम्ही पत्रकांचे गठ्ठे जुळवून त्यांवर चादर टाकून झोपायचो. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. गिरणी कामगारांची, विस्थापितांची, बुवाबाजीविरोधातली, सगळी पत्रकं त्यांच्या हातून जायची आणि उरलेली आमच्या पाठीखाली यायची. शाईचा वास आला की मला अजून झोप येते. मी वाचायला शिकले ती पत्रकांच्या मथळ्यांवरून, त्यामुळे पहिलीतल्या माझ्या वहीत प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असे.

अशा घरातली मुलगी भूकंपाच्या खात्यात नोकरीला लागली, याचं बाबांना हसू यायचं. "आपण जमीन हलवायला निघालो होतो, आणि तू ती किती हलली ते मोजणार," ते म्हणायचे.

मी मोजलं. किल्लारीच्या भूकंपानंतर, पुढच्या पावसाळ्याअखेरीपर्यंत, म्हणजे जेमतेम एक वर्ष, शिरपूरहून वर सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या लोकांना पत्ते विचारत येणाऱ्यांचा फार त्रास झालेला आहे. किल्लारीनंतर महाराष्ट्रात जिथे म्हणून जमीन गुरगुरत होती तिथली माणसं अंगणात झोपायला लागली होती. या गावात ती खरोखरच गुरगुरत होती. फळ्यांच्या पुलावरून भरलेली बैलगाडी जावी तसा आवाज जमिनीतून यायचा, भांडी किणकिणायची, आणि संपायचं. म्हणून तिथे तात्पुरतं निरीक्षण केंद्र काढलं आणि मला पाठवलं.

यंत्राला खडक लागतो. मातीवर ठेवलं तर मातीचंच ऐकत बसतं. शिवाय ते रस्ता, मोटारपंप, पिठाची गिरणी, मोठं झाड यांपासून लांब हवं. झाड वाऱ्यानं डुलतं तेव्हा त्याची मुळंही जमीन हलवत असतात. अशी जागा गावात एकच निघाली. गावाबाहेरचा जुना कोंडवाडा, जिथे पूर्वी मोकाट गुरं कोंडून मालकाकडून दंड घेत. त्याच्या कोपऱ्यातली रखवालदाराची खोली काळ्या उघड्या खडकावर होती. यंत्र तिथे बसलं, मी शेजारी बसले, आणि चहाची टपरी चालवणाऱ्या दगाभाऊला आयुष्यभर पुरेल एवढा विनोद मिळाला.

"ताई, भूकंप कोंडवाडामा कोंडेल शे का?" तो रोज विचारायचा. "सोडाडाले दंड कितला भरना पडी?"

गावानं माझं नावच भूकंपबाई ठेवलं. मी चिडायचे. मग चिडणं सोडलं, कारण पोस्टमनही त्याच नावानं पत्रं आणून द्यायला लागला.

यंत्र समजायला अगदी सोपं आहे. स्प्रिंगला टांगलेलं एक वजन. जमीन हलली की खोली हलते, खोका हलतो, पण वजन मात्र आपल्या जागी राहायचा हट्ट धरतं. त्याच्या हट्टात आणि जमिनीच्या हलण्यात जो फरक पडतो, तेवढी सुई हलते. मला ते वजन पहिल्या दिवसापासून आवडलं. आमच्या घरातलं वाटायचं.

सुई लिहायची कुठे, तर काजळीवर. रोज सकाळी मी गुळगुळीत कागद नळकांड्यावर गुंडाळायचे, खाली रॉकेलची धुरकट ज्योत धरायचे आणि नळकांडं हळूहळू फिरवायचे. कागद आधी पिवळसर, मग तपकिरी, मग मखमलीसारखा काळा व्हायचा. त्यावर सुई टेकवली की दिवसभर ती काळ्यातून पांढरी रेघ काढत राही, एका रेघेखाली दुसरी, नांगराच्या तासांसारखी. दुसऱ्या दिवशी तो कागद काढून, काजळी पुसली जाऊ नये म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेतून काढायचा आणि दोरीवर वाळत टाकायचा. माझी बोटं कायम काळी, आणि खोलीत लाखेचा गोड वास. लहानपणीच्या शाईचा हा सावत्रभाऊ. त्या वासातही मला झोप यायची, आणि जाग व झोप यांच्या मधल्या त्या पट्ट्यातच मी ती नोकरी केली असं आता वाटतं.

कारण बहुतेक दिवस भूकंप नसायचा आणि तरी सुई स्थिर नसायची. जमीन कधीच गप्प नसते. वाऱ्याची एक बारीक थरथर. शिरपूरची एसटी वळणावर आली की रेघ फुगायची आणि ओसरायची, ओंजळीतल्या धान्यासारखी. कापसानं भरलेल्या गाड्या निघाल्या की लांबट, आळसावलेली नक्षी. पोळ्याला बैल पळाले तेव्हा सुई वेडी झाली होती. लग्नाचा बँड वाजला तर नाचणारे थकले कधी हेही कळायचं. कोंडवाड्याच्या भिंतीला पाठ लावून मी गाव वाचायचे, चेहरे न बघता.

कधीतरी फार लांबून काहीतरी यायचं. पृथ्वीच्या पलीकडच्या कुशीत कुठेतरी मोठा धक्का बसलेला असायचा. एवढ्या वाटेत लाटेतलं बारीक, घाईचं कंपन विझून जातं. उरतं ते संथ. रेघ हळूच वर जाई, हळूच खाली येई. मी दारात येऊन बघायचे. बाया विहिरीवर पाणी शेंदतायत, दगाभाऊ कप विसळतोय, कुत्रं झोपलंय. आणि ते सगळं, विहीर, टपरी, कुत्रं, मागचा अख्खा सातपुडा, केसाच्या जाडीइतकं वर उचललं जाऊन पुन्हा खाली ठेवलं जात होतं. पाळण्यातल्या पोराला कळू नये असा झोका. हे माहीत असलेली तिथे मी एकटी. सांगावंसं वाटायचं, पण सांगायचं काय? की कुणीतरी आत्ता तुम्हाला हलकेच उचललं होतं?

लाटांबद्दल मला रोज विचारलं जायचं म्हणून इथे सांगते. जमिनीतला खडक ताणला जातो, वर्षानुवर्षं ताणला जातो, आणि एक दिवस जुन्या भेगेवर सटकतो. त्या सटकण्याच्या जागेतून दोन तऱ्हेच्या लाटा एकदमच निघतात. पहिली ढकलणारी. एसटीच्या दारातल्या रांगेत मागच्यानं ढकललं की धक्का पुढेपर्यंत जातो, माणसं मात्र आपापल्या जागीच, तशी. ही वेगवान, पण सौम्य. ती जमिनीतून वर निघताना कधी आवाजही होतो. गाव ऐकत होतं तो गडगडाट तिचाच. दुसरी झटकणारी. दोन बाया ओलं लुगडं दोन टोकांना धरून झटकतात तेव्हा त्यातून जी लहर धावते तशी. ही मागून येते, पण घर पाडते ती बहुधा हीच, कारण घराला वरून खाली भार सोसायची सवय असते, आडवं झटकून घ्यायची नसते. दोघींच्या मधला वेळ सेकंदांत मोजा, आठानं गुणा, साधारण तितके किलोमीटर लांब तो भूकंप. दोघी एकापाठोपाठ लगेच आल्या तर समजावं, तो आपल्या पायाखालीच आहे.

एवढं सगळं सांगता येतं. एकच गोष्ट सांगता येत नाही, आणि लोकांना फक्त तीच हवी असते. कधी?

माझ्या आयुष्यात त्या एका शब्दानं मला जितकं छळलं तितकं कशानंच नाही. त्यात वरून सूचना होती की लोकांशी बोलायचं नाही, अहवाल पाठवायचा. ज्यांच्या पायाखालची जमीन, त्यांच्याशीच बोलायचं नाही! आम्ही गप्प राहिलो की ती जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरं कुणीतरी येऊन बोलायला लागतं. आलंच.

पौषात गावात एक पत्रक आलं. पिवळा कागद, कुणा 'हितचिंतका'ची सही, नाव नाही, छापखान्याचं नाव नाही. येत्या अमावास्येला मोठा धक्का बसणार, घरात राहील तो वाचणार नाही, हे पत्रक छापून वाटील त्याचं घर उभं राहील. मी ते हातात धरलं आणि उलटून पाहिलं. मागेही नाव नव्हतं. पत्रक ही आमच्या घरात पवित्र वस्तू होती. बाबा म्हणायचे, पत्रकाखाली नाव नसेल तर ते पत्रक नाही, ती अफवा आहे. आणि इथे आमच्याच हत्यारानं लोकांना घराबाहेर काढलं होतं.

कारण गाव खरोखर बाहेर पडलं. खळ्यांवर, शेतात, कापसाच्या पळाट्यांचे, म्हणजे वाळक्या झाडांचे, आडोसे करून माणसं राहू लागली. त्या वर्षीची थंडी सातपुड्यावरून उतरून सरळ अंथरुणात शिरत होती. म्हातारी माणसं खोकू लागली. विंचू निघाले.

मी वेणूअक्काकडे जेवायला असायचे. तिचं घर कोंडवाड्यापासून सगळ्यांत जवळचं. नवरा, ज्यांना सगळे नाना म्हणत, उंच, कमी बोलणारे. घर त्यांनी स्वतः बांधलेलं. आणि लेक मंगला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले. अक्काचं सगळं लक्ष लेकीवर, आणि त्यातून उरलेलं माझ्या पोळ्यांवर.

ज्या सकाळी दगाभाऊचं कुटुंबही खळ्यावर गेलं, त्या सकाळी अक्का कोंडवाड्यात आली. दारातच उभी राहिली. यंत्राकडे तिनं पाहिलंही नाही.

"तू नुसतं सांग," ती म्हणाली. "ई का नही ई?"

"माहीत नाही, अक्का."

"अमावास्याले?"

"कुठल्याच दिवसाचं कुणालाच माहीत नसतं. त्या कागदवाल्याला तर अजिबात नाही."

"मंग तुन्हं मशीन कसाले शे?"

"आल्यावर सांगतं."

"आल्यावर तर माले बी कळी!" ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज उतरला. "पोर थंडीमा कुडकुडी राहिनी. नर्सबाई म्हने, उघड्यावर बाळंतपण नको, जीव जाई थंडीनं. बठ्ठा गाव म्हने, घरमा नको, जीव जाई माती पडीसन. आते मी काय करू? तू शिकेल शे. तू सांग."

सूचनेप्रमाणे मी गप्प राहायला हवं होतं. माझ्याकडे द्यायला खात्री नव्हतीच. आत जा म्हणावं आणि धक्का यावा, तर? बाहेर राहा म्हणावं आणि पहाटेच्या गारठ्यानं बाळ निळं पडावं, तर? मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले, मधल्या खोलीत उभी राहिले आणि वर बघितलं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची. लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर आडव्या कड्या आणि फळ्या, वर पळाट्या आणि त्यावर माती. पाणी आत झिरपू नये म्हणून ती खारी माती असते, दाबून बसवलेली. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तिचा नवा थर टाकतात. उन्हाळ्यात असं घर थंड, हिवाळ्यात उबदार, आणि धाब्यावर पापड वाळवायला, गप्पा मारायला अंगण. काही एक दोष नाही. फक्त दर वर्षी टाकतात, आणि काढत कुणीच नाही. बापानं टाकलेली असते, त्याच्यावर मुलगा टाकतो. अक्काच्या धाब्यावर माती कमरेच्या जवळपास आली होती. खालच्या माणसाला ती दिसत नाही. तिच्याखाली पोरं वाढतात, लग्नं होतात, आणि डोक्यावरचं घर वर्षाला एका थरानं जड होत जातं.

भूकंप माणूस मारत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. डोक्यावर जे असतं ते मारतं. किल्लारीत मारणारी भिंतींतली दगडमाती होती आणि छपरावरची माती होती. हे सांगायला भविष्य कळावं लागत नाही.

"अक्का," मी म्हणाले, "येईल की नाही ते मी सांगू शकत नाही. पण आला तर काय पडेल ते सांगू शकते. ते आपण आधीच खाली आणू."

तिला क्षणभर कळलंच नाही. मग तिनं वर पाहिलं.

"माती काढू म्हनस?"

"या खोलीवरची. निम्म्याहून जास्त."

"हाई माती मी डोकावर वाहेल शे वं," ती म्हणाली. तिला राग आला होता. "लगीन व्हयीसन ऊनू तवयपासून, दर साल, नदीपारथून. आनि पावसाळामा गळनं तर तू ईशी का भांडा मांडाले?"

"येईन."

"ईशी!" ती म्हणाली. "तुन्ही बदली व्हई जाई."

ते खरंच होतं. नाना तोवर खांबाला टेकून उभे होते. त्यांनी त्या खांबावर तळवा ठेवला, आपल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणाले, "मी बांधेल घर, मीच उघाडू?" विचारल्यासारखं म्हणाले, आम्हाला नाही, घराला. मग कुदळ आणायला गेले.

तो दिवस मी कधी विसरणार नाही. वर स्वच्छ निळं आकाश, पाहुण्यासारखं ऊन, आणि धाब्यावर आम्ही तिघं. नाना कुदळीनं थर सोडवत होते, मी पाटी भरत होते, अक्का ती कडेवरून बोळात उलटी करत होती. काही वेळानं अक्का पाटी उलटायच्या आधी तिच्यात बघायला लागली. कारण प्रत्येक थराचा रंग वेगळा होता. एक पिवळट, एक राखाडी, एक जवळजवळ पांढरा.

"हाई दुष्काळनी साल," ती पांढरा तुकडा हातात घेऊन म्हणाली. "तवय नदी आटनी व्हती, खोलमाथून काढेल माती." आणखी खाली गेल्यावर एका थरात बारकं काहीतरी चमकलं. हिरव्या बांगडीचा तुकडा. तिनं तो पदराला पुसला. "मन्ही शे. मंगला पोटमा व्हती तवयनी. टाकता टाकता फुटनी."

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकले ते खडकांच्या चित्रांवरून. थरावर थर, सगळ्यांत खालचा सगळ्यांत जुना. आणि इथे एक बाई स्वतःच्या आयुष्याचे थर वरून खाली उतरवत होती, उलट्या दिशेनं, म्हातारपणाकडून लग्नाकडे. धूळ उन्हात तरंगत होती. ती खाली बसायला तयारच नव्हती. कितीतरी वर्षांनी उजेड बघत असल्यासारखी.

गावात हसू झालं. दगाभाऊ खळ्यावरून मुद्दाम येऊन बोळात उभा राहिला. "बाईना सांगावर छप्पर उघाडं! आते पाऊस ऊना तर बाई छत्री धरी का नाना?"

"दगा," अक्का वरून म्हणाली, "तुन्हा चहा आनि तुन्हं बोलनं, दोन्हीमा पानीच जास्त. धर," आणि पाटी त्याच्या पायापाशी रिकामी केली. तो उडी मारून बाजूला झाला, धूळ झटकली, आणि का कोण जाणे, जवळची रिकामी पाटी उचलून वर आला. संध्याकाळपर्यंत तो आमच्याबरोबर होता. बोलणं मात्र थांबवलं नाही.

पातळ राहिलेल्या थरावर आम्ही प्लॅस्टिक अंथरलं. खाली दोन कमकुवत तुळयांना नानांनी टेकू दिले. मंगला खळ्यावरून घरात आली. मी तिथेच माझी वळकटी आणली. मी म्हटलं, आत राहा असं सांगणाऱ्यानं आत राहिलं पाहिजे. ज्याला स्वतःच्या सल्ल्याखाली झोपता येत नाही त्यानं सल्ला देऊ नये. बाबांनी हे वाक्य कुठल्यातरी पत्रकात नक्की जुळवलं असणार.

अमावास्येच्या आधीच, एका दुपारी, मंगलाला कळा सुरू झाल्या. नर्सबाई आल्या. अडलं तर न्यायला म्हणून एक जीप रस्त्याला उभी केली होती. नाना ओसरीवर. मी मधल्या दाराशी, गरम पाणी देण्यापुरती. आत अक्काचा आवाज येत होता, एकसुरी, चरखा चालावा तसा, "ऱ्हा माय, ऱ्हा माय."

आणि तेव्हा ते आलं.

आधी आवाज. तोच, फळ्यांच्या पुलावरच्या गाडीचा, पण यावेळी अगदी खालून. पायाच्या तळव्यांना एक ठोसा. पहिली लाट, मी मनात म्हटलं, आणि सवयीनं मोजायला लागले. एक म्हणून झालं नाही तोच दुसरी आली. म्हणजे पायाखालीच. खांब करकरले. उतरंडीतली वरची गाडगी पडली. कड्यांच्या फटींतून मातीची बारीक धार खोलीत सुरू झाली आणि बाहेर बोळात माणसांचा धावण्याचा आवाज झाला. माझं शरीरही दाराकडे वळलं होतं, हे मी लपवत नाही. पण आत मंगला होती, तिला उठता येत नव्हतं. अक्का तिच्या अंगावर ओणवी झाली होती, दोन्ही हात टेकून, पाठीचं धाबं करून. नर्सबाईंनी आपला हात काढला नव्हता. नाना ओसरीवरून आत आले आणि खांबाला मिठी मारून उभे राहिले. त्यांनी तो धरला होता की त्यानं त्यांना, मला सांगता येणार नाही.

थांबलं. धार बारीक झाली, तुटली. वर बघायची कुणाची हिंमत नव्हती. तुळया जागेवर होत्या.

"गयी का?" अक्का तशीच ओणवी राहून म्हणाली.

"गेली."

"परत ई?"

"माहीत नाही, अक्का."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा चरख्याला लागली. "ऱ्हा माय." दिवस कलायच्या आत मुलगी झाली. रडली जोरात. आईच्या माहेरच्या छपरावर तिला फारसा विश्वास नव्हता हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी कागद काढला. तो क्षण तिथे होता: सरळ रेघ, मग उभं काटेरी झुडूप, आत शिरलेल्या दोन लाटा एकमेकींत गुंतलेल्या, आणि त्यानंतर धावणाऱ्या पायांचे बारके ठिपके. धक्का लहानच होता. आमच्या मोजणीत त्याला फार किंमत नव्हती. गावात चार जुन्या भिंतींना भेगा गेल्या, एक गोठा बसला, माणूस गेलं नाही. त्यानंतरच्या रेघा मी भिंगाखाली पाहिल्या, मूल जन्मलं तो वेळ शोधत. काही नव्हतं. वाऱ्याची थरथर. जन्माची नोंद घेण्याइतकं ते यंत्र नाजूक नव्हतं.

अक्कानं बारशाच्या दिवशी माझ्याकडे मागणी केली ती भलतीच. यंत्राची काजळी हवी होती, बाळाला लावायला. माझ्या अंगावर आमच्या घरातली सगळी पत्रकं एकदम उभी राहिली. मी रॉकेलची काजळी डोळ्यांत घालणं किती वाईट ते सविस्तर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. "डोयामा नही वं," ती म्हणाली. "गालले. नुसता ठिपका. जेन्हावर भूकंप लिखतस ती काजळ ज्याले लागनी, त्याले कसानं भ्याव?" यात एकही वैज्ञानिक वाक्य नव्हतं. मी बोट काळ्या कागदाला लावलं आणि तो ठिपका बाळाच्या तळपायाला लावला, गालाला नाही. तत्त्वाशी मी एवढीच तडजोड केली, आणि तिची मला लाज वाटत नाही.

अमावास्या आली आणि गेली. सुई कुरकुरत राहिली, पण जमीन हलली नाही. मग गाव माझ्याकडे आलं, सगळ्यांत पुढे दगाभाऊ. "ताई, तुमनं खरं निंघनं!" मी ओट्यावर चढून ओरडले, होय, ओरडलेच, की माझं काही खरं निघालेलं नाही, मला माहीत नव्हतं, उद्याचंही माहीत नाही, आणि जो माहीत आहे म्हणेल त्याला पत्रकाखाली नाव घालायला सांगा! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, कारण त्यांना कळलं नाही असंच मला वाटलं. आठवड्यानं दुसरं पिवळं पत्रक आलं, नव्या तारखेचं. मीही पत्रक काढते असं बाबांना कळवलं तर त्यांचं उत्तर आलं: पत्रकात मागणी एकच ठेव. मी एकच ठेवली. 'धाब्यावरची माती कमी करा.' खाली माझं नाव घातलं, आणि वरून जे व्हायचं ते झालं. खुलासा मागवला गेला. पावसाळ्याअखेर केंद्र बंद करून यंत्र हलवण्यात आलं. माझं पत्रक बरेच दिवस दगाभाऊच्या भज्यांना उपयोगी पडत होतं.

मीही नंतर ती नोकरी सोडली. आता लिहिते, छापते, भांडते. कधीकधी सकाळी उठल्यावर बोटं बघते, काळी नाहीत याचं थोडं आश्चर्य वाटतं. झोपेच्या कडेला अजूनही ती संथ रेघ येते, वर, मग खाली, आणि मला खात्री असते की आत्ता कुणीतरी आपल्याला उचलून पुन्हा ठेवलं.

गेल्या वैशाखात त्या गावाला गेले. एसटीतून उतरल्यावर पहिल्यांदा कळेना की काय बदललंय. मग दिसलं. पुष्कळ घरांपुढे एकाऐवजी दोन ढीग होते. एक ताजी खारी माती, नदीवरून आणलेली, वर जायची. आणि दुसरा जुना, कोरडा, रंगीत तुकड्यांचा, वरून खाली आलेला. दगाभाऊच्या टपरीमागेही दोन होते. त्यानं मला पाहिलं आणि कोंडवाड्याच्या दंडाचं विचारायच्या आधी, थोडा लाजून, तिकडे बोट केलं.

"आधी काढनी, मंग टाकनी," तो म्हणाला. "अक्कानी रीत. जितली चढी, तितली उतरी. घर गळत बी नही, वजन बी वाढत नही."

अक्का धाब्यावरच होती. खाली बोळात तिची नात, तीच पौषात जन्मलेली, मातीत बसून मातीच खात होती. मी हाक मारली. अक्कानं कडेशी येऊन, डोळ्यांवर हात धरून पाहिलं. ओळख पटली तरी 'ये' म्हणाली नाही. तिनं विचारलं ते नेहमीचंच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"काय वं ताई, कव्हय ई?"

"माहीत नाही, अक्का!"

"मंग चांगलं शे," ती म्हणाली. "तवपर्यंत मी काम आटपी लेस. पोरले बाजूले घे."

मी नातीला उचलून बाजूला झाले. वरून पाटी उलटली. जुनी माती धप्पदिशी बोळात आली, आणि माझ्या तळपायांना एक लहानसा ठोसा बसला. यंत्र नव्हतं, काजळी नव्हती. तरी मी मनातल्या मनात तेवढी रेघ ओढून घेतली.